एगुसी, जोलोफ आणि उधारीची वही: कोंढव्यातली एक नायजेरियन खाणावळ

पुण्यात कोंढव्यातून उंड्रीकडे जाताना, एनआयबीएम रस्त्याच्या मागच्या अंगाला एका बोळात ही खाणावळ आहे. पाटीवर 'आफ्रिकन फूड' एवढंच. खाली फोन नंबर आहे, त्यातला एक आकडा उन्हानं उडालेला. नाव मी मुद्दाम देत नाही. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पापा, टेबलं आठ आहेत. गर्दी आली तर बसवू कुठे?" शोधणाऱ्याला सापडेल एवढ्या खुणा द्यायला त्यांची हरकत नाही, म्हणून सांगतो: एका बाजूला गाड्यांचं वॉशिंग सेंटर, दुसऱ्या बाजूला प्लायवूडचं दुकान. शनिवारची सकाळ सोडली तर दुपारी एकनंतर जा. आधी गेलात तर परांड्याकडच्या मावशी भेंडी चिरत बसलेल्या असतात आणि "अजून टाइम हाय काका" म्हणून परत पाठवतात.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो. पतसंस्था, दूध संघ, गृहनिर्माण सोसायट्या यांची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याचा संबंध येणार आहे. शिवाय हॉटेलात शिरल्यावर मेन्यूआधी भिंत वाचायची सवय अजून सुटलेली नाही. इथे भिंतीवर एफएसएसएआयचं प्रमाणपत्र आहे, ते मुदतीत आहे आणि त्यावरचा पत्ता याच जागेचा आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळलेल्या मी पेठांतल्या नावाजलेल्या ठिकाणीही क्वचित पाहिल्यात.

सुरुवात एगुसीनं करा. एगुसी म्हणजे कलिंगडाच्याच कुळातल्या फळाच्या बिया. आपले मिठाईवाले मगज वापरतात ना, त्याच घराण्यातल्या. त्या जाडसर वाटून लाल पामतेलात परततात, वर मटणाचा रस्सा, पालक आणि मूठभर सुकट. तिकडे पालकाऐवजी एक कडू पाला घालतात, तो इथे मिळत नाही. वाटण धड विरघळत नाही, धड दाणेदारही राहत नाही, आणि तवंग केशरी येतो. सोबत यामचा पांढरा गोळा. याम हा मोठा कंद. तिकडे तो उकडून उखळात कुटतात, इथे त्याचं पीठ आणून उकळत्या पाण्यात घोटतात. घोटायचं काम मावशींकडे आहे. भाकरीवर तयार झालेले हात, त्यामुळे गुठळी म्हणून राहत नाही. गोळा उजव्या हातानं तोडायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, रस्सा उचलायचा आणि गिळायचा. चावायचा नाही म्हणे. मी चावतो. शेजारच्या टेबलावरची पोरं माना फिरवतात, फिरवू देत. मटणासकट ३८० रुपये, आणि रात्रीपर्यंत भूक लागत नाही.

जोलोफ भाताचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. सेला तांदूळ, टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, तिखटाला आपली बेडगी-लवंगी, आणि बुडाला मुद्दाम लागू दिलेला करपट वास. चांगला आहे. पण यावरून नायजेरिया आणि घाना हे दोन देश वर्षानुवर्षं एकमेकांना का धुताहेत, ते ताट संपेपर्यंत मला कळलं नाही. मटण पेपर सूप घ्या, सर्दी असेल तर हमखास घ्या. आकारा म्हणजे चवळीच्या डाळीचे वडे, ते शनिवारी सकाळीच असतात आणि अकराला संपतात. प्यायला झोबो. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा, आलं-लवंग घालून गार केलेला, ६० रुपये. अंबाडीची भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला त्या बोंडांचं असंही काही होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. सूया शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी, मागच्या अंगणातल्या शेगडीवर. काड्यांना लावलेलं मांस, वर शेंगदाण्याची पेंड, सुंठ आणि तिखट यांचं कोरडं मिश्रण. हे उत्तरेतल्या हौसा लोकांचं, आणि या एका पदार्थावर सगळ्या टेबलांचं एकमत आहे. दुसरं कशावरही नाही.

जेवणाइतकाच इथला वाद हाही सेवेचा भाग आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून त्याचंही परीक्षण करणं मला भाग आहे.

वाद फळ्यापासून सुरू होतो. भिंतीवर खडूनं लिहिलेला फळा आहे आणि त्यावर सूपांची यादी. बाई बेनिन सिटीच्या, एडो समाजातल्या, म्हणजे हौसा, योरुबा, इग्बो या तीन मोठ्या समाजांपैकी एकातल्याही नाहीत. पूर्वी त्या आपल्याकडचं 'ब्लॅक सूप' सगळ्यात वर लिहायच्या. मग इग्बो पोरांनी विचारलं, आमचं ओहा तिसरं का? योरुबा पोरांचं म्हणणं, आमाला-एवेडू (यामच्या पिठाचा गोळा आणि पाल्याचं सूप) तळाशी म्हणजे काय? आता बाई दर आठवड्याला क्रम फिरवतात. त्यांच्या देशात १९९९ पासून राष्ट्राध्यक्षपद उत्तर आणि दक्षिण यांच्यात आलटून-पालटून जावं असा एक अलिखित समझोता चालत आलाय, तो बाईंनी सरळ सूपांना लावला. आमालाची पाळी आली की लागोसचा एक पोरगा दारातूनच "एमी लोकान!" असं ओरडत येतो. 'आता माझी पाळी', हे बोला टिनुबू यांचं जून २०२२ मधलं, अबेओकुटाच्या सभेतलं वाक्य. पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

रविवारी दुपारी मधल्या टेबलावर ठरलेली मंडळी असते. लागोसचा हा योरुबा पोरगा फार्मसी शिकतो. समोर अनाम्ब्रा राज्यातला इग्बो पोरगा, इंजिनिअरिंगचा. कानोचे एक हौसा गृहस्थ, चाळिशीतले, पीएचडी करताहेत. ते सगळ्यांत कमी बोलतात आणि सगळ्यांत जास्त चिडवतात. आणि बायेल्सा राज्यातली एक इजॉ मुलगी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. ती बोलायला लागली की बाकीचे खायला लागतात. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. मावशींकडून ऐकून तेही सगळे मला 'काका' म्हणतात.

२०२३ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांच्यासाठी अजून संपलेली नाही. आकडे मी त्यांच्याकडून लिहून घेतले आणि घरी येऊन पडताळले. २५ फेब्रुवारीला मतदान झालं. टिनुबू योरुबा, त्यांना सुमारे ८८ लाख मतं. अतिकू अबुबकर उत्तरेतले फुलानी, त्यांना ७० लाखांना जराशी कमी. पीटर ओबी इग्बो, त्यांना ६१ लाख. नोंदलेले मतदार ९ कोटी ३४ लाख आणि मतदान जेमतेम २७ टक्के. निवडून आलेल्या माणसाला एकूण मतदारांपैकी दहात एकाचंही मत नाही. हे मी म्हटल्यावर टेबल क्षणभर थांबलं, आणि मग ती २७ टक्क्यांची जबाबदारी प्रत्येकानं समोरच्यावर ढकलली.

खरा राग कागदाचा आहे. प्रत्येक मतदान केंद्रावरच्या निकालपत्रकाचा फोटो निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर त्याच दिवशी चढेल, असं सांगण्यात आलं होतं. त्याच यंत्रांवरून संसदेची पत्रकं चढली, राष्ट्राध्यक्षपदाची मात्र वेळेत चढली नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं टिनुबूंची निवड कायम केली. अनाम्ब्राच्या पोराला हे सांगून उपयोग नाही. तो फोनमध्ये पत्रकांचे फोटो घेऊन फिरतो आणि जेवताना खोडाखोड मोठी करून दाखवतो. खोडाखोड मला ओळखता येते. काही ठिकाणी तो म्हणतो तसं आहे, काही ठिकाणी नुसतं गचाळ अक्षर आहे. दोन्ही सांगितलं, तर त्यानं पहिलं तेवढं ऐकलं.

लागोसच्या पोराचं दुखणं वेगळं. टिनुबूंच्या स्वतःच्या लागोसमध्ये ओबी त्यांच्यापेक्षा दहा हजारांहून कमी फरकानं का होईना, पुढे गेले. "आमच्या शहरात येऊन, आमच्याकडे धंदा करून, आम्हालाच हरवता?" असं तो म्हणाला, आणि मी ताटातून मान वर केली. हे वाक्य मी मराठीत ऐकलेलं आहे, मुंबईबद्दल ऐकलेलं आहे आणि हल्ली हिंजवडीबद्दलही ऐकतो. तीन आठवड्यांनी लागोसच्या राज्यपालाची निवडणूक झाली. तिकडे राज्यपाल मतांवर निवडून येतो. इग्बो दिसणाऱ्या मतदारांना केंद्रांवरून धमकावून हुसकावल्याच्या तक्रारी तेव्हा आल्या. पोरगा ते नाकारत नाही. नुसतं म्हणतो, मी नव्हतो तिथे. त्यावर कानोचे गृहस्थ शांतपणे सांगतात, "आम्ही तुम्हा दोघांनाही मत दिलं नाही." खरंच आहे, कानो राज्य चौथ्याच उमेदवारानं नेलं होतं, रबिऊ क्वांक्वासो यांनी.

एकदा सूपात ओकपोरोको पडला होता. हा नॉर्वेतला वाळवलेला कॉड मासा, लाकडासारखा कडक, आणि कुणीतरी सुट्टीवरून येताना बॅगेत घालून आणलेला. वास असा, की वॉशिंग सेंटरवाला पोरगा चौकशीला आला. तो मासा चघळताना अनाम्ब्राचा पोरगा १९६७ वर गेला. आदल्या वर्षी उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झालेल्या, मग बियाफ्रा या वेगळ्या, इग्बोबहुल देशाची घोषणा, मग जानेवारी १९७० पर्यंत युद्ध. मेलेल्यांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, बहुतेक भुकेनं. न नासणारा मासा म्हणून हाच वाळका कॉड मदतीच्या विमानांतून त्या भागात उतरवला जायचा. युद्ध संपल्यावर सरकारनं 'ना कुणी जिंकलं, ना कुणी हरलं' असं जाहीर केलं. आणि बँकेत कितीही शिल्लक असो, बियाफ्रातल्या खातेदाराच्या हातावर सरसकट वीस पौंड ठेवले.

वीस पौंड. या आकड्यानंतर माझं जेवण थांबलं. बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात, पावती पदराखाली धरून उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. बँकेत निदान पाच लाखांपर्यंत विमा तरी आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. पोराच्या आजोबांची शिल्लक किती होती ते घरात कुणालाच नेमकं माहीत नाही. खातं बुडाल्यावर आजोबांनी तो आकडा पुन्हा तोंडातून काढला नाही म्हणे. तेव्हा अर्थखातं सांभाळणारे ओबाफेमी आवोलोवो योरुबा होते, म्हणून ही थकबाकी आज फार्मसीच्या एका विद्यार्थ्याच्या नावावर टाकली जाते. तोही आवोलोवोंची बाजू सख्ख्या आजोबांची असल्यासारखी लढवतो. दोघांचाही जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झालेला.

भ्रष्टाचारावरचा वाद ऐकायला मात्र माझ्यासारख्यानंच जावं. पद्धत ठरलेली आहे. एकजण म्हणतो, २०१९ मध्ये मतदानाच्या आदल्या रात्री टिनुबूंच्या बंगल्यात नोटा वाहणाऱ्या चिलखती गाड्या शिरल्या, त्यांचं काय? उत्तर येतं, २०२१ च्या पँडोरा पेपर्समध्ये, म्हणजे गुप्त कंपन्यांच्या फुटलेल्या कागदपत्रांत, ओबींच्या परदेशातल्या कंपन्या निघाल्या, त्यांचं काय? गाड्यांचं उत्तर राहिलं, कंपन्यांचंही राहिलं. मग दोघं मिळून उत्तरेकडे वळतात आणि सानी अबाचांचं नाव निघतं. हा लष्करशहा १९९८ मध्ये मेला, आणि त्यानं बाहेर दडवलेला पैसा स्वित्झर्लंड, जर्सी असा अजून हप्त्याहप्त्यानं परत येतोय. २०२० मध्ये जर्सीतून ३१ कोटी डॉलरच्या आसपास आले. त्यातला एक भाग नायजर नदीवरच्या दुसऱ्या पुलाला द्यायचं ठरलं, आणि तो पूल जातो अनाम्ब्राच्या पोराच्या गावाकडे. "आमच्या चोरानं निदान साठवून तरी ठेवले," असं कानोचे गृहस्थ म्हणाले आणि टेबल फुटलं.

सापाचा किस्सा मला त्याच दुपारी कळला. २०१८ मध्ये मकुर्डी शहरात प्रवेश परीक्षा मंडळाच्या कार्यालयात ३ कोटी ६० लाख नायरा कमी भरले. तिथल्या कारकून बाईंचा खुलासा असा, की पैसे सापानं गिळले. मी त्यांना सांगितलं की त्याच वर्षी आमच्या विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातले उंदीर मोजून दाखवले होते: ३ लाख १९ हजार ४०० उंदीर, सात दिवसांत मारले, असं ठेकेदाराचं बिल. सरकारकडून मग खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा. यावर बायेल्साची मुलगी म्हणाली, "मग साप तुमच्याकडे पाठवायला हवा होता, काका." ती मुलगी चांगली वकील होणार.

नेमका मुद्दाही तिनंच काढला. नायजेरियातलं पहिलं मोठं तेल १९५६ मध्ये ओलोइबिरीला लागलं, ते गाव आता तिच्या राज्यात येतं. तेलाचा पैसा राजधानीत, अबुजाला जमा होतो आणि दर महिन्याला केंद्र, ३६ राज्यं आणि ७७४ स्थानिक संस्था यांच्यात वाटला जातो. जिथून तेल निघतं त्या राज्यांना त्यातले तेरा टक्के वेगळे. बहुतेक राज्यांचा गाडा या वाटपावर चालतो. ती म्हणाली, तुम्ही तिघं भांडता ते आमच्या अंगणातल्या तेलावर, आणि आमच्या खाडीत मासा उरलेला नाही. त्यावर लागोसवाल्यानं व्हॅट काढला. कानोत धार्मिक पोलीस बियरच्या बाटल्या फोडतात, पण दारूवरचा कर वाटून आला की त्यातला हिस्सा कानो राज्य घेतंच. कानोचे गृहस्थ म्हणाले, बाटली फोडण्याआधीच कर भरलेला असतो. हिशोब म्हणून ते बरोबर आहे.

माझं निरीक्षण नोंदवतो. आमच्या पतसंस्थेत घोटाळा झाला की पहिल्या दिवशी दारात सभासद उभा असतो, कारण पैसा त्याच्या खिशातून गेलेला असतो. वरून महिन्याला वाटून येणारा पैसा कुणाच्याच खिशातून गेलेला नसतो. मग माणूस पावती मागत नाही, वाटा मागतो. आणि वाटा मागायचा तर आपला माणूस वाढप्याच्या जागी लागतो. त्यानं खाल्लं तरी चालतं, दुसऱ्याच्या माणसानं खाण्यापेक्षा बरं. मी दप्तर तपासायला बसलो की चेअरमनचे पाहुणे येऊन विचारायचे, "साहेब, मागच्या वेळी त्यांचा चेअरमन होता, तेव्हा कुठे होतात?" कोण कुठल्या जातीचा, कुठल्या तालुक्याचा, हे त्या एका वाक्यात यायचं. महाराष्ट्र १ मे १९६० चा, नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० चा. पाच महिन्यांनी धाकटा.

उधारीच्या वहीचं प्रकरण यातूनच झालं. जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडला. त्याआधी अधिकृत दर डॉलरला साधारण ४६० नायरा होता, २०२४ मध्ये तो दीड हजाराच्या आसपास गेला. घरून येणारे पैसे तेवढेच, पण इथे पोचेपर्यंत त्यांचा तिसरा हिस्सा उरायचा. पोरांची फी थकली, भाडं थकलं, आणि जेवण वहीवर आलं. एका रविवारी अनाम्ब्राच्या पोरानं सगळ्यांसमोर आरोप केला की मम्मी योरुबा पोरांना दोन-दोन महिने थांबतात आणि आम्हाला तीन आठवड्यांत टोकतात. मम्मी म्हणजे मालकीणबाई. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दोनशे पानी वही माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "पापा, तुम्ही सरकारी माणूस. बघा."

मी आधी माझं बिल दिलं. ज्याचं दप्तर तपासायचं त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मग वही घेतली. नोंदी नीट होत्या: तारीख, पदार्थ, रक्कम, सही. बेरजा पानाच्या तळाशी, पुढच्या पानावर ओढलेल्या. आमच्या काही सचिवांना दाखवावी अशी वही. मी येणे बाकीचे तीन भाग केले: महिन्याच्या आतली, दोन महिन्यांच्या आतली, त्यापुढची. मग कानोच्या गृहस्थांना शेजारी बसवून कोण कुठला ते विचारून घेतलं. इग्बो आणि योरुबा यांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. मुदत वाढत होती ती ज्याच्या त्याच्या फीच्या महिन्यात. ज्याच्या कॉलेजची फी ज्या महिन्यात, त्याला त्या महिन्यात बाई टोकत नव्हत्या. कानोच्या गृहस्थांचे उलट पैसे जमा होते, ते आगाऊ देतात. आणि बेनिनच्या, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या समाजातल्या पोरांची थकबाकी जवळपास शून्य. का ते विचारलं. "त्यांच्या आयांचे नंबर माझ्याकडे आहेत," बाई म्हणाल्या.

अहवाल तोंडी दिला. लागोसवाल्यानं लगेच मान्य केला, त्याच्या बाजूचा होता. अनाम्ब्राच्या पोरानं विचारलं, "ऑडिटर नेमला कुणी? मालकिणीनंच ना?" आक्षेप चोख होता. आमच्याकडेही २०१३ च्या दुरुस्तीपासून सरकारी पॅनेलमधून आपला लेखापरीक्षक सोसायटीच नेमते, आणि त्यावर मी नोकरीत असताना जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुढची मागणी अशी आली की सगळ्या पानांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवा. "अपलोड करा!" म्हणून तीन टेबलं ओरडायला लागली. बाईंनी साफ नकार दिला: कुणाची किती उधारी, ते गावाला दाखवायचं नाही. कायदेवालीनं त्यांची बाजू घेतली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आमच्या गावात रेशनच्या दुकानावर आसंच हुतं बगा." आता बाई प्रत्येकाला त्याच्या एकट्याच्या पानाचा फोटो पाठवतात. एकट्याच्या पानावरून एकूण बेरीज कशी कळणार, असं अनाम्ब्राचं म्हणणं आहे. ते अजून निकाली निघालेलं नाही.

आता दोष. हात धुवायचं बेसिन एकच, आणि हातानं खायचं जेवण असल्यावर ते पुरत नाही. टीव्हीवर तिकडच्या बातम्या मोठ्या आवाजात चालू असतात. रविवारी ताट यायला पाऊण तास लागतो. तिखट सांगून कमी होतं, पण सुकटीचा वास कमी होत नाही, ज्यांना चालत नाही त्यांनी नुसता सूया घ्यावा. शाकाहाऱ्यांसाठी भात, तळलेली केळी आणि चवळीची उसळ एवढंच आहे. उसळीत सुकट नाही ना, ते विचारून घ्या, 'व्हेज' म्हणजे मटण नाही एवढाच अर्थ काही वेळा धरला जातो.

लोक विचारतात, तिकडे जाणं सुरक्षित आहे का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर सुदानचा असो, टांझानियाचा असो, कुठलाही काळा माणूस नायजेरियनच असतो, आणि नायजेरियन असला की भाड्याचा फ्लॅट भरलेला असतो. मी तिथे बायको आणि नातीबरोबर जेवलोय. नातीला ते मऊ, गोल भजी आवडले, त्यांना पफ-पफ म्हणतात, दहाला एक. आवाज चढतात ते खरं, मला तर पहिल्यांदा वाटलं आता खुर्ची उचलणार. मग पाहिलं, की ओरडताना समोरच्याच्या ताटात मांसाचा तुकडाही हाच टाकतोय. ग्रुपवर माझ्याबद्दल काय लिहिलं जातं ते वाचायचं मी सोडून दिलंय.

माझ्या पद्धतीनं द्यायचा तर वर्ग 'ब'. बेसिन वाढवलं तर 'अ'. दोन माणसांना झोबोसकट नऊशेच्या आत भरपूर होतं. १ ऑक्टोबरला त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी जागा मिळत नाही, पण वाद ऐकायचा तर तोच दिवस आहे, उभ्यानं ऐका. गाडी वॉशिंग सेंटरसमोर लावू नका, तो हवा काढतो. यूपीआय चालतं. नव्या माणसाला उधारी नाही. सोमवारी बंद.